अळीच्या शिदोरीवर : थोराड पतंगांची टिपणे

जुलै-ऑगस्टात कोकणातून, घाटमाथ्यावरून, गोव्यातून एक छायाचित्र हमखास फिरू लागतं. भिंतीवर दिव्याखाली बसलेला तांबूस-तपकिरी पतंग, मापासाठी शेजारी धरलेला हाताचा पंजा आणि खाली ओळ : ‘दुर्मीळ ॲटलास पतंग आढळला’. पसरलेल्या पंखांची रुंदी २० ते २५ सेंटीमीटर, तेव्हा बघणारा थबकणारच. पण घाटातल्या ओल्या रानात हा पतंग दर पावसाळ्यात असतो. तो क्वचित दिसतो, कारण पंखांनिशी त्याचं आयुष्य आठवडा-दोन आठवड्यांचं. बाकीचे महिने तो पानावर असतो किंवा पानात गुंडाळलेला असतो, आणि तिथे आपण बघत नाही.

सह्याद्रीत आणि श्रीलंकेत जी जात आहे ती अटॅकस टॅप्रोबॅनिस. ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली ती अटॅकस ॲटलास. पूर्वी दोघांना एकाच नावाखाली धरत, म्हणून आपल्याकडच्यालाही सगळे ॲटलासच म्हणतात. म्हणोत.

*

या कुळातल्या पतंगांना (सॅटर्निडी हे त्यांचं कुळ, ॲटलास, चंद्रपतंग, टसर, मुगा, एरी सगळे त्यातलेच) पंख फुटल्यावर खाता येत नाही. तोंडाचे अवयव खुरटलेले, पचनमार्ग निकामी. उडणं, जोडीदार शोधणं, अंडी घालणं हे सगळं अळीने साठवलेल्या चरबीवर चालतं. शिदोरी एकदाच बांधून दिलेली, वाटेत भर घालायची सोय नाही.

त्यामुळे हा प्राणी समजून घ्यायचा तर पंखांपासून सुरुवात करणं मला चुकीचं वाटतं. अंड्यातून निघालेली अळी महिनाभर, कधी त्याहून जास्त, फक्त खाते. चार वेळा कात टाकते. ॲटलासची वाढलेली अळी १० सेंटीमीटरच्या पुढे जाते : निळसर हिरवी, अंगावर मांसल काटे, वर पांढऱ्या मेणाची भुकटी. डिवचलं तर उग्र वासाचा द्राव उडवते. दालचिनी, पेरू, लिंबाच्या जातीची झाडं असं बरंच काही तिला चालतं. पुढे ज्या पंखांपुढे आपण हात धरून छायाचित्र काढतो, त्यांचा आकार या दिवसांत ठरतो. पाला कमी पडला तर पतंग लहान निघतो आणि मादीच्या पोटात अंडी कमी भरतात.

*

‘तोंडच नसतं’ असं सरसकट छापून येतं. टसरच्या बाबतीत ते पुरतं खरं नाही. फुलपाखरांत ज्या भागांची सोंड होते, तेच भाग टसरच्या पतंगात आखूड उरलेले असतात आणि त्यांना एकच काम असतं. कोषातून बाहेर यायच्या वेळी त्यांच्यावर एक विकर जमलेलं असतं. पतंग ते ओलसर करून कोषाच्या टोकाला लावतो. रेशमाचे धागे ज्या डिंकाने चिकटलेले असतात तो डिंक त्याने विरघळतो, धागे मोकळे होतात आणि डोकं खुपसून पतंग वाट काढतो. फोटिस काफाटोस आणि कॅरल विल्यम्स यांनी १९६४ मध्ये हे उलगडून दाखवलं. विकराचं नाव कोकूनेज. जे तोंड कधी घासभर खाणार नाही, ते दार उघडण्यापुरतं शिल्लक आहे. या कुळाबद्दल वाचलेल्या गोष्टींपैकी ही मला सगळ्यांत आवडते.

*

सर्वांत मोठा कोण, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. पंखांच्या क्षेत्रफळात उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा हर्क्युलिस पतंग पुढे, सुमारे ३०० चौरस सेंटीमीटर. टोकापासून टोकापर्यंतच्या रुंदीत दक्षिण अमेरिकेतला थायसानिया ॲग्रिपिना, जवळजवळ ३० सेंटीमीटर. तो या कुळातला नव्हे. ॲटलास दोन्ही याद्यांत वरच्या बाजूला असतो.

*

फ्रान्समधल्या सेरिन्याँ गावी कीटकांचा अभ्यासक झाँ-आंरी फाब्र राहत होता. मे महिन्याच्या ६ तारखेला सकाळी त्याच्या टेबलावर एका कोषातून ‘ग्रेट पीकॉक’ पतंगाची मादी निघाली. युरोपातला हा सर्वांत मोठा पतंग. फाब्रने तिच्यावर जाळीचं झाकण ठेवलं, मनात विशेष काही हेतू नव्हता. रात्री नऊच्या सुमारास घरातली मंडळी झोपायच्या तयारीत असताना शेजारच्या खोलीतून त्याचा मुलगा पॉल ओरडू लागला : खोलीत पक्ष्यांएवढे पतंग शिरलेत. मेणबत्ती घेऊन दोघं मादीच्या खोलीत गेले, तर उघड्या खिडकीतून आलेले नर जाळीभोवती फिरत होते, छताला धडकत होते, मेणबत्ती विझवत होते, माणसांच्या खांद्यांवर बसत होते. त्या रात्री घरात मिळून चाळीसेक नर आले. बाहेर ढगाळ काळोख होता आणि घर दाट झाडीच्या आड होतं.

ही गोष्ट इथवरच सांगितली जाते. मला तिचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण फाब्र चकित होऊन थांबला नाही. त्याने मादीची जागा रोज बदलली. नर तिला शोधून काढत. काही नरांच्या मिशा कापून बघितल्या. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास भरून ठेवला, तरी नर आले. घट्ट झाकणाच्या डब्यात मादी ठेवली की एकही येईना; बारीकशी फट राहिली की पुन्हा येऊ लागत. त्याच्या स्वतःच्या नाकाला तर काहीच वास येत नव्हता. बिनतारी लहरींसारखं काही असेल का, हाही विचार त्याने करून पाहिला. पुढे दुसऱ्या एका जातीवर प्रयोग करताना त्याने मादी काचेखाली सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, आणि ती आदल्या रात्री जिथे बसली होती त्या वस्तू बाजूला ठेवल्या. नर समोरच्या मादीकडे न जाता त्या रिकाम्या वस्तूंवर जाऊन बसले.

नराच्या मिशा पिसासारख्या का असतात, याचं उत्तर इथे आहे. मादीच्या मिशा बारीक, नराच्या रुंद. हवेतला तो वास गाळून घेण्यासाठी जितकं क्षेत्र मिळेल तितकं हवं.

*

त्या वासाचं रसायन हाती यायला १९५९ साल उजाडलं. जर्मनीत अडॉल्फ बुटेनान्टने तुतीवरच्या रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख माद्यांच्या गंधग्रंथी गोळा करून त्यातून एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला बॉम्बिकॉल नाव दिलं. कीटकांच्या अशा गंधाची रासायनिक ओळख पटण्याची ती पहिली वेळ. काम सुरू झाल्यापासून सुमारे वीस वर्षं गेली होती, मध्ये महायुद्ध झालं. फेरोमोन हा शब्दही त्याच वर्षीचा. आज कपाशीच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी जे कामगंध सापळे लावतात, ती त्या कामाचीच पुढची पायरी.

*

वटवाघळं आणि हे पतंग यांचं नातं जुनं आहे. रात्रीच्या अनेक पतंगांना कान असतात. वटवाघळाचा सूक्ष्म आवाज कानी आला की ते गिरकी घेतात किंवा दगडासारखे खाली पडतात. सॅटर्निडी कुळाला कान नाहीत. एवढं मोठं शरीर, एवढे मोठे पंख, आणि शिकारी जवळ आल्याचं कळायची सोयच नाही.

मग वाचतात कसे? चंद्रपतंगाकडे बघावं. फिकट पोपटी पंख, मागच्या पंखांना लांब, टोकाला पिळलेल्या शेपट्या. आपल्याकडे पावसाळी रानात शिमटीच्या झाडांजवळ त्याची अळी सापडते. शेपट्या शोभेच्या वाटतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच्या भावंडावर, लूना पतंगावर, प्रयोग केले. अंधारात वटवाघळं सोडली आणि वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. उडताना गरगर फिरणाऱ्या शेपट्यांवरून आवाजाचे प्रतिध्वनी उठतात आणि वटवाघूळ अंगाऐवजी शेपटीवर झेपावतं. शेपटीचा तुकडा जातो, पतंग राहतो. शेपट्या असलेले आणि कापलेले यांच्या वाचण्यातला फरक सुमारे ४७ टक्क्यांचा निघाला.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या मंडळींनी याच कुळाच्या अंगावरची लव आणि पंखांवरचे खवले तपासले. दोन्ही आवाज शोषून घेतात, म्हणजे वटवाघळाकडे परत जाणारा प्रतिध्वनी दुबळा होतो. हाताला लागते ती पंखांची ‘भुकटी’ म्हणजे हेच खवले. पतंग पंखाला धरून उचलू नये, याचं कारण मी मुलांना आता असंच सांगतो.

*

ॲटलासच्या पुढच्या पंखाचं टोक वाकडं, फुगीर, त्यावर डोळ्यासारखा ठिपका. बाजूने पाहिलं तर सापाचं डोकं. कँटोनी भाषेत त्याला सापडोक्याचा पतंग म्हणतात. त्रास दिला तर तो जमिनीवर पडून पंख सावकाश हलवतो, तेव्हा हे ‘डोकं’ खरोखर वळल्यासारखं दिसतं. दिवसा डोळ्यांनी शिकार करणाऱ्यांना हे पुरत असेल. पण २०२१ मध्ये ब्रिस्टलच्याच गटाने या टोकांवर आवाज सोडून पाहिला. पंखांच्या टोकांना असलेल्या घड्या आणि सुरकुत्या शरीरापेक्षा मोठा प्रतिध्वनी देतात. म्हणजे रात्री वटवाघळाचा हल्लाही त्या टोकाकडे वळतो, जिथे फाटलं तरी जीव जात नाही. आपण माणसं डोळ्यांवर जगतो म्हणून सापाची गोष्ट आधी सुचली.

चारही पंखांवरच्या पारदर्शक त्रिकोणी खिडक्यांचं मात्र पटेल असं स्पष्टीकरण अजून माझ्या वाचनात नाही. तिथे खवले नसतात. पलीकडची भिंत आरपार दिसते.

*

दिव्यावर झेप घेणारा पतंग आपल्या कीर्तनांत, ओव्यांत, नाट्यपदांत शतकानुशतकं येतो. मोहाने आंधळा झालेला, प्रेमात जळणारा. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यातल्या संशोधकांनी दिव्याभोवतीच्या कीटकांचं अतिशय वेगाने चित्रण केलं. कीटक दिव्याकडे तोंड करून जात नव्हते. ते पुन्हा पुन्हा दिव्याकडे पाठ करत होते. रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ असतं. उजेड पाठीवर घेतला की वर-खाली बरोबर कळतं, उडणं सरळ राहतं. कोट्यवधी वर्षं ही खूण चुकली नाही. शेजारी बल्ब लागला की पाठ बल्बकडे वळते, उडण्याची दिशा वाकते आणि पतंग त्याच घेऱ्यात सापडतो. दिवा जमिनीवर ठेवून प्रकाश वर सोडला, तेव्हा काही कीटक उलटे होऊन खाली कोसळले.

त्याला दिवा नको असतो. त्याला आकाश कुठे आहे हे कळायला हवं असतं. आठवडाभराच्या आयुष्यातली एक रात्र अंगणातल्या हॅलोजनभोवती गेली, तर मादीपर्यंत पोचण्याच्या मोजक्या संधींतली एक गेली.

*

डेथ्स हेड हॉक मॉथ. कवटीसारखी खूण पाठीवर असलेला, मोठा पण वेगळ्या कुळातला. विदर्भ-मराठवाड्यात तिळाच्या पिकावर याची जाडजूड अळी शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. हा मात्र पतंग झाल्यावरही खातो, आणि मध चोरून खातो : मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून आखूड मजबूत सोंडेने मेणाची झाकणं फोडतो. हाती धरला तर चक्क चिरकतो. कवटीमुळे युरोपात त्याला अपशकुनी ठरवलं गेलं. बिचारा.

*

आता टसर. महाराष्ट्राचा या कुळाशी खरा संबंध फोटोंपुरता नाही, तो गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या रानात आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवायच्या आणि कोष विकायचे, हा तिथला जुना धंदा. पिढ्यान्‌पिढ्या तो बहुतांशी ढिवर समाजाने केला. मासेमारी आणि कोसा (टसरचे कोष), दोन्ही. आरमोरी हे त्यातलं ओळखीचं नाव.

तुतीचा रेशीमकिडा घरात ट्रेमध्ये वाढतो, उडायचं पार विसरला आहे. टसर अजून रानातलाच. अळ्या झाडावर सोडतात आणि राखण सुरू होते. कावळे, इतर पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या, सगळ्यांना हिरवी गुबगुबीत अळी हवी असते. हातात गुलेल घेऊन माणूस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत झाडाखाली. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळी कापून दुसऱ्या झाडावर न्यायची. पाऊस लांबला, ऊन एकदम तापलं, रोग आला, तर महिन्याभराची राखण हातची जाते. रेशीम म्हटलं की शालू आठवतो. मला हा झाडाखालचा माणूस आठवायला हवा असं वाटतं.

अळीची वाढ पुरी झाली की ती कोष विणते, आणि त्याआधी एक काम करते जे पाहून कोणीही थक्क व्हावं. रेशमाचाच कणखर देठ करते आणि त्याचं टोक डहाळीभोवती कड्यासारखं गुंडाळते. पान गळलं तरी कोष पडत नाही. पावसाळी पिकातले पतंग काही आठवड्यांत बाहेर येतात. हिवाळ्याच्या तोंडाशी झालेले कोष मात्र आत थांबतात. जानेवारी ते मे, विदर्भाचा सगळा उन्हाळा, त्या टणक कवचात जीव जवळजवळ स्तब्ध असतो आणि मृगाच्या ओलाव्याने जागा होतो. तोवर ऐनाला नवी पालवी आलेली असते.

धाग्यासाठीचे कोष आतल्या जिवासकट वाफेने किंवा उन्हात मारतात. नंतर सोड्याच्या पाण्यात उकळून बायका धागा काढतात. मांडीवर धागा वळायची जुनी रीत कातडी सोलवटणारी होती. पतंग बाहेर पडलेला कोष फुटलेला असतो, त्याचा अखंड धागा निघत नाही, सूत कातावं लागतं. हे नाकारून टसर नेसता येणार नाही, आणि धंदाच बंद व्हावा असंही मला वाटत नाही. त्या धंद्यामुळे ऐनाची झाडं उभी आहेत. भंडाऱ्याकडे आंधळगावच्या कोष्ट्यांनी विणलेलं करवती काठाचं लुगडं ज्याने हातात घेतलं आहे, त्याला त्या मंद, मातकट सोनेरी रंगाबद्दल वेगळं सांगायला नको. तो रंग घातलेला नसतो, अळीचाच असतो.

*

हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांत अडकून राहिलेले तंतू तपासले तेव्हा ते रानटी रेशमाचे, टसरच्या भाऊबंदांचे निघाले. आयरीन गुड, मार्क केनॉयर आणि रिचर्ड मेडो यांनी हे २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. काळ साधारण इ.स.पू. २४५० ते २०००. तोवर चीनबाहेर एवढं जुनं रेशीम कुणी गृहीत धरत नव्हतं.

आणि आपल्याकडे नेवासे. प्रवरेकाठच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यातले तांब्याचे मणी सापडले. ज्या दोऱ्यात ते ओवले होते त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही होतं. तांब्याच्या गंजाने दोरा टिकला. पोराच्या गळ्यात रेशीम घालणारं घर तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठी होतं, एवढं तर त्या दोऱ्यावरून ठरतं.

*

घरात ॲटलास किंवा चंद्रपतंग आला तर : दिवा बंद करावा. साखरपाणी ठेवू नये, तो पिणार नाही. डब्यात कोंडू नये. पंख धरून उचलू नये. समोर बोट किंवा काटकी धरली की तो स्वतः चढतो, मग ती काटकी अंगणातल्या काळोख्या झुडपावर टेकवावी. सकाळी तो तिथेच बसलेला दिसला तर आजारी समजू नये, दिवसा तो बसूनच असतो. काही मादी पतंग भिंतीवरच अंडी घालून जातात. ती खरवडून न टाकता कागदावर घेऊन पेरूच्या झाडाखाली ठेवली तरी पुष्कळ.

हिवाळ्यात निष्पर्ण डहाळीला लटकलेलं एखादंच वाळकं पान वाऱ्याने पडत नसेल, तर जवळ जाऊन बघावं. बहुधा त्यात कोष असतो. छाटणी त्याच्या पुढून करावी.

*

टसरच्या मादीचं शेवटचं काम सूक्ष्मदर्शकाखाली होतं. पेब्रिन नावाचा रोग आईकडून अंड्यात उतरतो. १८६५ पासून काही वर्षं लुई पाश्चरने दक्षिण फ्रान्समध्ये रेशीमकिड्यांवर काम करून हे दाखवलं आणि उपायही तिथेच सांगितला. अंडी घालून झाली की प्रत्येक मादी वाटून तो रस काचेवर तपासायचा. रोगाचे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची. तोच उपाय आजही बीजकेंद्रांत चालतो. हजारो पतंग, एकेक मादी वेगळी, एकेकीची अंडी वेगळी. जी स्वच्छ ठरली तिचे अंडीपुंज धुऊन, वाळवून, जूनअखेर-जुलैत शेतकऱ्याला मिळतात. आठ-दहा दिवसांत अळ्या फुटतात, म्हणून तो त्याआधी झाडांखालचं गवत काढतो, बुंध्याभोवतीच्या मुंग्यांचा बंदोबस्त करतो आणि गुलेलीला नवं रबर लावून ठेवतो.